अनेक कंठ, एक गीत

मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, की वैनगंगेच्या काठच्या आमच्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या मळण्यांची धांदल उडते. दिवस लवकर मावळतो. अंगणाअंगणांतून शेकोट्या पेटतात. कोठे हरिपाठ चाललेला असतो, कोठे खंजिरीच्या ठेक्यावर भजनी मंडळ रंगलेले असते, तर कोठे झाडीपट्टीच्या दंडारीची तालीम ऐन भरात आलेली असते. याच दिवसांत एखाद्या लहानशा चर्चमधूनही पेटीचे सूर आणि मुलामाणसांचे गाणे बाहेर रस्त्यापर्यंत ऐकू येते. नाताळचा सण जवळ आलेला असतो, आणि चर्चचा गायनवृंद आपल्या गीतांचा सराव करीत असतो.

गायनवृंद म्हणजे एकत्र गाणाऱ्यांचा मेळा. त्यात शाळेतली मुले असतात, त्यांच्या आया असतात, दुकानदार, परिचारिका, कारकून आणि निवृत्त शिक्षकही असतात. रविवारच्या उपासनेच्या वेळी जमलेली मंडळी गीत गाते, तेव्हा तिला वाट दाखविण्याचे काम हा वृंद करितो. मंडळी कोठे अडखळली तर तो सावरून घेतो, कोठे रेंगाळली तर हलकेच पुढे नेतो. मात्र ऐकणाऱ्यांनी आपली वाहवा करावी, यासाठी तो उभा राहत नाही. सर्वांना गाता यावे, म्हणून तो गातो.

तुम्ही म्हणाल, पुष्कळ माणसांनी एकदम गाण्यात अवघड ते काय? अवघड आहे, आणि ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे.

भंडारा हे पितळी भांड्यांसाठी पूर्वीपासून नावाजलेले गाव. घरातली एक मोठी पितळी घागर, एक तांब्या आणि एक लहान वाटी घ्या आणि त्यांवर बोटाने हलकेच टिचकी मारा. घागर घुमेल ती खालच्या सुरात, तांब्या मधल्या सुरात, आणि वाटी किणकिणेल ती वरच्या सुरात. माणसांच्या कंठांचेही असेच आहे. स्त्रियांचे व लहान मुलांचे आवाज उंच असतात, प्रौढ पुरुषांचे खालचे असतात. पाश्चात्त्य संगीतात या आवाजांचे मुख्यतः चार वर्ग मानितात. स्त्रियांच्या आणि मुलांच्या उंच आवाजाला सोप्रानो, त्यांच्यातीलच खालच्या आवाजाला अल्टो, पुरुषांच्या उंच आवाजाला टेनर आणि अगदी खालच्या, घुमणाऱ्या आवाजाला बास असे म्हणतात.

आता गंमत अशी, की हे चार वर्ग एकाच वेळी चार निरनिराळे सूर गातात. शब्द बहुधा तेच, ताल तोच, परंतु सूर वेगवेगळे. ते एकमेकांशी जुळतील अशा रीतीने रचलेले असतात आणि त्यांतून एक भरदार नाद निर्माण होतो. त्याला स्वरमेळ म्हणतात. आपल्या भारतीय संगीताची वाट निराळी आहे. आपल्याकडे एकच सुरावट असते. गायक तीच फुलवीत, वळवीत, नटवीत नेतो आणि तंबोरा तिला आधार देतो. एक वाट श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असे मुळीच नाही. एका नदीचे पात्र लांब वाहत जाते, दुसरीचे रुंद पसरते. पाणी दोन्हींतही असते. मराठी चर्चमध्ये मात्र या दोन्ही वाटा एकत्र आलेल्या दिसतात. एकाच उपासनेत चार आवाजांचे पाश्चात्त्य गीतही ऐकावयास मिळते, आणि पेटी, तबला व झांज यांच्या साथीने गायिलेला अभंगही.

वृंदात गाणाऱ्याला पहिली गोष्ट शिकावी लागते, ती गाण्याची नव्हे, ऐकण्याची. शेजाऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येत नसेल, तर आपण फार मोठ्याने गात आहोत असे समजावे. ज्याला आपला आवाज उठून दिसावा असे वाटते, तो वृंदाचा घात करितो. दुसरी गोष्ट श्वासाची. लांबलचक सूर एका दमात गाणे कोणालाच शक्य नसते. मग वृंदाचा सूर मध्येच तुटत कसा नाही? युक्ती अशी, की सर्वजण एकदम श्वास घेत नाहीत. एकजण हळूच श्वास घेतो, त्या वेळी शेजारचा सूर धरून ठेवितो. त्याचा दम संपत आला, की पहिला त्याला सोडवितो. ऐकणाऱ्याला वाटते, की हा सूर कधी संपतच नाही. वास्तविक प्रत्येकाचा दम संपत असतो. परंतु सगळ्यांचा एकाच वेळी संपत नाही.

सुमारे एक हजार वर्षांपूर्वी इटली देशात ग्विदो नावाचा एक संन्यासी होऊन गेला. मठातील मुलांना एकेक गीत केवळ ऐकून पाठ करण्यास फार काळ लागे. म्हणून त्याने आडव्या रेघांवर सुरांच्या खुणा मांडण्याची पद्धत नीट बसविली आणि आपल्या ‘सा रे ग म’सारखी सुरांची नावे मुलांना शिकविली. त्यामुळे पूर्वी कधी न ऐकलेले गीतही मुले केवळ पाहून गाऊ लागली. आज जगभर चालणाऱ्या पाश्चात्त्य स्वरलिपीच्या मुळाशी त्याचे हे काम आहे. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी चर्चला जोडून शाळा निघाल्या. तेथील ‘मेस्त’, म्हणजे संगीतशिक्षक, गावच्या मुलांना ही स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवीत असत.

याच गोव्यात १५७९ साली थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज धर्मोपदेशक आले. त्यांनी येथील लोकांची भाषा शिकून घेतली. इतकी, की पुढे त्यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ हा ग्रंथ रचला. १६१६ साली तो प्रथम छापला गेला. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. ज्ञानदेवांनी आणि एकनाथांनी ज्या ओवीत ग्रंथ लिहिले, तीच ओवी या परदेशी माणसाने हाती धरिली, आणि गोव्यातील ख्रिस्ती लोक हे पुराण चर्चमध्ये व घरोघरी गाऊन वाचू लागले. लोकांच्या ओठांवर जो छंद आधीच बसलेला आहे, त्यातच भक्ती सहज उतरते, हे स्टीफन्स यांनी ओळखले होते.

पुढे एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रात निरनिराळ्या मिशनांचे लोक आले. स्टीफन हिस्लॉप हे १८४५ साली नागपुरास आले आणि विदर्भात शाळा निघू लागल्या. उपासनेत गाण्यासाठी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरे होऊ लागली. पण येथे एक अडचण उभी राहिली. इंग्रजी गीताची चाल शब्दांवरील आघातांना धरून असते, तर आपल्या मराठी कवितेत ऱ्हस्व-दीर्घाला फार महत्त्व आहे. चाल परकी आणि शब्द मराठी अशी जोडी जमविली, की जेथे ऱ्हस्व उच्चार हवा तेथे सूर लांबे. ‘दिन’ म्हणजे दिवस. त्यातील ‘दि’ लांबविला, की ‘दीन’ झाला, म्हणजे गरीब झाला! आनंदाचा दिन गाऊ जावे, आणि ऐकणाऱ्याच्या कानी दैन्य यावे, असे होऊ लागले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या मंडळींनी देशी चालींवर ख्रिस्ती पदे रचून ही उणीव भरून काढण्यास आरंभ केला.

या कामाला खरी झळाळी दिली, ती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी. फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून तुम्ही त्यांना ओळखता. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यात झाला. तरुणपणी ते काही काळ नागपुरास होते. तेथून नोकरीनिमित्त ते राजनांदगावास निघाले असता आगगाडीच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. कवितेवर आणि धर्मावर दोघांचे बोलणे झाले. निरोप घेताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलच्या नव्या कराराची एक प्रत भेट दिली. नागपूरहून राजनांदगावास जाणारी ही आगगाडी आपल्याच जिल्ह्यातून, वैनगंगा ओलांडून जाते! त्या भेटीने टिळकांच्या आयुष्याचे वळण बदलले. १८९५ साली मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. या निर्णयाचे मोल त्यांना आणि त्यांच्या घरच्यांना फार द्यावे लागले. पत्नी लक्ष्मीबाई यांची व त्यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे दोघे एकत्र आली. त्या दिवसांची हकिगत लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या पुस्तकात इतक्या साधेपणाने सांगितली आहे, की मोठे झाल्यावर ते पुस्तक तुम्ही अवश्य वाचावे.

धर्म बदलला म्हणून टिळकांनी आपली भाषा बदलली नाही, की आपले संत सोडले नाहीत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास राहून त्यांनी अभंग, ओव्या व पदे रचिली आणि कीर्तनेही केली. ज्या छंदात वारकरी गातो, त्याच छंदात मराठी ख्रिस्ती मनुष्य गाऊ लागला. १९१९ साली टिळकांचे निधन झाले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. ‘उपासना संगीत’ या मराठी गीतसंग्रहात टिळकांची कितीतरी गीते आहेत, आणि मराठी चर्चमधून ती आजही गायिली जातात.

कॅथॉलिक चर्चमध्ये मुख्य उपासना पूर्वी लॅटिन भाषेत होत असे. १९६२ ते १९६५ या काळात रोम येथे जी मोठी धर्मपरिषद भरली, तिने लोकांच्या मातृभाषेला उपासनेची दारे उघडली. तेव्हापासून वसईच्या किनाऱ्यापासून नागपूर-भंडाऱ्यापर्यंतच्या कॅथॉलिक चर्चमध्येही देशी भाषांतील गीतांना बहर आला. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास उत्तर भारतातील सहा प्रॉटेस्टंट पंथ एकत्र आले आणि ‘उत्तर भारतीय चर्च’ स्थापन झाले. निरनिराळ्या रीतींनी गाणारी माणसे त्या दिवसापासून एका मंडळीची झाली.

मुलांनो, आता तुम्हांला एक घडलेली गोष्ट सांगतो. मी मुख्याध्यापक असताना माझ्या शाळेत सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचा आवाज मोठा गोड आणि उंच. गावातल्या चर्चच्या गायनवृंदात तो गात असे. नाताळच्या रात्री सगळे दिवे मालवून एकच मेणबत्ती ठेवीत, आणि पहिले कडवे एकट्याने म्हणण्याचा मान लागोपाठ दोन वर्षे त्यालाच मिळाला होता. त्या वर्षीही तो त्यालाच मिळावयाचा होता. पण डिसेंबरच्या आरंभी एके दिवशी सराव चालू असताना उंच सुरावर त्याचा आवाज एकाएकी चिरकला. दुसऱ्यांदा म्हणू गेला, तो घोगरा झाला. मुले हसली. मुलगा हिरमुसला आणि दुसऱ्या दिवसापासून सर्दीचे निमित्त सांगून सरावाला येईनासा झाला.

वृंदाला शिकविणारे गुरुजी म्हणजे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. चार दिवस वाट पाहून ते मुलाच्या घरी गेले.

“सर्दी कशी आहे?” त्यांनी विचारले.

मुलगा खाली मान घालून म्हणाला, “गुरुजी, सर्दी नाही. माझा आवाज गेला.”

“गेला नाही रे बाळा. लोक म्हणतात, आवाज फुटला. तेही खरे नव्हे. तुझ्या वयाला गळ्यातील स्वररज्जू लांब आणि जाड होऊ लागतात. मुलांचा आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. मुलींचाही थोडा उतरतो, पण तो ध्यानात येत नाही. काही महिने असा त्रास होईल. त्या काळात गळा ताणू नकोस, म्हणजे झाले.”

“मग नाताळला पहिले कडवे?”

“ते आता दुसऱ्या कोणाला तरी म्हणावे लागेल. आणि ते तू शिकवावेस, अशी माझी इच्छा आहे.”

पाचवीतल्या एका मुलीची निवड झाली. मुलगा सरावाला येऊ लागला, पण मनातून तो नाराज होता. त्याने तिला शब्द सांगितले, चाल सांगितली; परंतु एक गोष्ट सांगितली नाही. त्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीत एक लांब सूर होता. त्याआधी एका विशिष्ट शब्दानंतर चटकन श्वास घेतला, तरच तो सूर शेवटपर्यंत पुरे. ही खूण त्याने स्वतः पुष्कळ प्रयत्नांनी शोधून काढिली होती. ती त्याने आपल्यापाशीच ठेविली. मुलगी दर वेळी तेथे अडखळू लागली. दम संपून तिचा सूर तुटे, आणि तिच्या डोळ्यांत पाणी येई.

गुरुजींनी मुलाला एक काम दिले. ते म्हणाले, “तू अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बस आणि शब्द तेथवर पोहोचतात की नाही, ते सांग.” मुलगा मागे जाऊन बसला. इतकी वर्षे तो वृंदात उभा राहून गात आला होता; आपला वृंद दुरून कसा ऐकू येतो, हे त्याने कधी ऐकलेच नव्हते. त्या दिवशी त्याने प्रथमच सगळे गीत कान देऊन ऐकिले. खालचे आवाज जमिनीसारखे पसरले होते, वरचे त्यावर उभे होते. आणि त्या भरलेल्या नादात एके ठिकाणी मात्र खळगा पडत होता, तिसऱ्या ओळीत. तो खळगा आपण ठेविला आहे, हे त्याला कळले.

तो उठला, भराभर पुढे आला आणि मुलीला म्हणाला, “तिसऱ्या ओळीत दुसऱ्या शब्दानंतर श्वास घे. मी तेथेच घेत असे. मी तुला मुद्दाम सांगितले नव्हते.”

कोणीच काही बोलले नाही. मुलगी म्हणाली, “दादा, पुन्हा एकदा म्हणू?” गुरुजींनी पेटीवर सूर दिला. या वेळी सूर तुटला नाही.

नाताळच्या रात्री मी त्या चर्चमध्ये निमंत्रणावरून गेलो होतो. दिवे मालविले गेले. मुलीने कडव्याला आरंभ केला. तिसरी ओळ आली, तेव्हा वृंदाच्या मागच्या रांगेत उभ्या असलेल्या त्या मुलाने स्वतःच श्वास घेतलेला मी पाहिला. लांब सूर शेवटपर्यंत पोहोचला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या कडव्याला सगळा वृंद मिळाला, तेव्हा तोही आपल्या नव्या, घोगऱ्या आवाजात खालचा एकच सूर धरून उभा होता. ही हकिगत पुढे मला त्यानेच सांगितली. आज तो चांगला बास गातो.

एकत्र गाण्याची ही शिकवण केवळ चर्चमध्येच मिळते, असे नव्हे. वारीच्या दिंडीत ती आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी विदर्भातील गावागावांत जी सामुदायिक प्रार्थना रुजविली, तिच्यात ती आहे. आणि तुमच्या शाळेतही ती रोज सकाळी आहे. आपले राष्ट्रगीत पूर्ण गाण्यास सुमारे ५२ सेकंद लागतात. उद्या ते गाताना आपल्या शेजाऱ्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो की नाही, याकडे लक्ष द्या. येत नसेल, तर थोडे हळू गा. त्याचा आवाज बदलत असेल, तर हसू नका. पुढच्या वर्षी तुमचाही बदलणार आहे.

अभ्यास

१. एक-दोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) चर्चमधील गायनवृंदाचे मुख्य काम कोणते?
(आ) वृंदाचा लांब सूर मध्येच तुटत का नाही?
(इ) ‘ख्रिस्तपुराण’ कोणी रचिले? ते कोणत्या छंदात आहे?
(ई) शेवटच्या बाकावर बसल्यावर मुलाला काय कळले?

२. कारणे द्या.
(अ) परक्या चालींवर मराठी शब्द बसविताना अडचण आली.
(आ) मुलाने श्वास घेण्याची जागा प्रथम सांगितली नाही.

३. पुढील जोड्यांतील शब्दांच्या अर्थांतील फरक सांगा : दिन – दीन, सुत – सूत, शिर – शीर.

४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा : हिरमुसणे, कान देऊन ऐकणे, जीव भांड्यात पडणे.

५. गुरुजींनी मुलाला शेवटच्या बाकावर का पाठविले असावे? आठ-दहा ओळींत लिहा.

६. आपल्या गावात एकत्र गाण्याचे कोणते प्रकार आहेत, याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा व वर्गात सांगा.